गोठ्यातल्या बाहुल्या

कोथरूड हे एके काळी पुण्याबाहेरचे खेडे होते. म्हातोबा हे त्याचे ग्रामदैवत. म्हातोबाची टेकडी अजून जागच्या जागी आहे, पण टेकडीखालची शेते गेली. आता तिथे उंच उंच इमारती आहेत. त्या इमारतींत धुणीभांडी करायला, पोळ्या लाटायला, रात्रीचा पहारा करायला गावोगावची माणसे येऊन राहिली आहेत. कोणी मुळशीकडचे, कोणी मराठवाड्यातले, कोणी थेट कोकणातले.

अशाच मंडळींचा एक वर्ग आम्ही संध्याकाळी भरवत होतो. अक्षरे झाली, काना-मात्रा झाल्या, जोडाक्षरेही झाली. मग एक दिवस वर्तमानपत्राचे जुने पान वाचायला घेतले. रात्रपाळीच्या एका पहारेकऱ्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "पिं-गु-ळी-च्या परशु-राम गं-गा-व-णे यांना पद्म-श्री." पुढे लिहिले होते की हे गृहस्थ बाहुल्यांचे खेळ करतात.

वाचणारा थांबला. म्हणाला, "गुरुजी, बाहुल्या नाचवणाऱ्याला दिल्लीचं बक्षीस? ते तर पोरांचं खेळणं झालं."

दुसरा म्हणाला, "आन् असले लोक दारात मागायलाच येतात की."

वर्गात हसू पिकले. पण मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी हसल्या नाहीत. त्या कुडाळकडच्या. एरवी वर्गात फारसे बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"मागूक नाय. ठाकर आमच्या देवळात येयत. नवरात्रात. चित्रां दाखवीत, कथा सांगीत. मग गाव तेंका भात देय. ती भीक नाय, तो तेंचो हक्क. माका वाचूक खंय येय होता? रामाची कथा मी थंयच ऐकलंय."

कोणी काही बोलले नाही. त्या दिवशीचा धडा बाजूला राहिला आणि मावशींनाच सगळे विचारू लागले. त्यांनी सांगितले ते, आणि मागाहून मी जे वाचून-विचारून जमवले ते, इथे एकत्र सांगतो.

पिंगुळी कुठे आहे?

सिंधुदुर्ग जिल्हा आहे ना, कोकणातला अगदी दक्षिणेकडचा? त्याच्या पलीकडे गोवा. हा जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी तो रत्नागिरीतच होता. या जिल्ह्यात कुडाळ तालुका आहे आणि कुडाळ शहराला लागूनच पिंगुळी हे गाव आहे. राऊळ महाराजांचा मठ याच गावात. त्यामुळे पुष्कळ लोकांना पिंगुळी ठाऊक असते ती मठामुळे. पण याच गावात गुढीपूर नावाची वस्ती आहे. तिथे ठाकर समाजाची घरे आहेत.

ठाकर म्हटले की घाटावरच्या लोकांना कर्जतच्या नाहीतर अकोल्याच्या डोंगरातले ठाकर आठवतात. हे ठाकर सिंधुदुर्गातले. यांचा पिढीजात धंदा म्हणजे लोकांना कथा सांगणे. कथा सांगायच्या यांच्या तऱ्हा तरी किती! चित्रे दाखवून सांगायची, ती चित्रकथी. दोरीच्या बाहुल्या नाचवून सांगायची, त्या कळसूत्री बाहुल्या. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पाडून सांगायची, तो सावल्यांचा खेळ. शिवाय पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ, फुगड्या. अशा अकरा कला ते लोक आपल्या म्हणून मोजतात.

पूर्वी या मुलखात सावंतवाडीचे संस्थान होते. तिथल्या भोसले राजांनी या कलावंतांना आश्रय दिला. कोणत्या घराने कोणत्या देवळात कथा करायची हे ठरलेले असे. एकाच्या देवळात दुसऱ्याने जायचे नाही. सण आला, जत्रा आली की त्या घरचा माणूस पोथी घेऊन, वाद्ये घेऊन त्या देवळात हजर. कथा झाली की गाव त्याला धान्य देई, नारळ देई. मावशी 'हक्क' म्हणाल्या तो हा. सुताराला, कुंभाराला बलुते मिळायचे ना, तशातलीच गोष्ट.

आणखी एक गोष्ट सांगतात. हे लोक खेळ करत गावोगाव फिरायचे आणि फिरता फिरता राजासाठी हेरगिरीही करायचे. खरे मानायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण दहा गावे फिरणाऱ्या माणसाला बातमी आधी कळते, एवढे तर कोणीही कबूल करील.

चित्रांची पोथी

पोथी म्हटले की अक्षरांची, असे आपल्याला वाटते. चित्रकथीची पोथी चित्रांची असते. हातभर लांब-रुंद कागदावर एकेक प्रसंग रंगवलेला. राम धनुष्य मोडतो आहे, जटायू रावणाशी झुंजतो आहे, असा एका कागदावर एक प्रसंग. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात. म्हणजे पान उलटले की पुढचा प्रसंग. एका कथेची अशी वीस-तीस-पन्नास चित्रे असतात. त्यांचा गठ्ठा म्हणजे पोथी.

चित्रातली माणसे बाजूने काढलेली असतात. नाक टोकदार, डोळे मोठाले. योद्ध्यांचे अंग कागदभर पसरलेले. लांब बसलेल्या माणसालाही समजावे, म्हणून तसे. रंग पूर्वी माती, पाने, दगड यांपासून घरीच करत. आता दुकानातले रंगही वापरतात.

कथेला रात्री बसायचे. कथा सांगणारा मध्ये. त्याच्यासमोर चित्र उभे धरलेले. तो बोटाने दाखवत बोलतो, मध्येच गातो. साथीदार मागून धरतात. वीणा असते, टाळ असतो आणि हुडुक असते. हुडुक म्हणजे हातात धरून वाजवायचे लहान चर्मवाद्य, मधे बारीक आणि दोन्ही तोंडांना पसरट. चित्र बदलायची वेळ आली की ताल बदलतो. लहान मूल पेंगत असले तरी तेवढ्याने जागे होते.

ही रीत आजकालची नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर याने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या मुलखात शाळा नव्हती, छापखाना नव्हता, तेव्हाही अक्षर न येणाऱ्या माणसापुढे कोणीतरी चित्र धरून बसलेला होता. मला स्वतःला या गोष्टीचे फार वाटते. आम्ही साक्षरतेचे वर्ग चालवणारे लोक स्वतःला पहिले समजतो. आमच्या तक्त्यावर 'कमळ' आणि 'बदक' यांची चित्रे असतात. तेवढेच.

बाहुली नाचते कशी?

आता बाहुल्यांकडे वळू. 'कळसूत्री' हा शब्द फोडून पाहा. कळ आणि सूत्र. कळ म्हणजे युक्तीचा दाब किंवा ओढ. सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्याच्या युक्तीने हलते ती कळसूत्री बाहुली. आपण म्हणतोच ना, "तो काय, कळसूत्री बाहुली! बोलविता धनी दुसराच आहे." ज्ञानेश्वरी लिहून सातशेवर वर्षे झाली. तिच्यातही बाहुलीचा दाखला येतो. तिथे बाहुलीला 'साइखडे' असा जुना शब्द आहे. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी श्रोत्यांना दोरीची बाहुली इतकी ओळखीची होती, की तिचा दाखला दिला की कठीण गोष्ट चटकन कळे.

बाहुली हलक्या लाकडाची करतात. जड लाकूड चालत नाही. कारण ती तासन् तास हातावर तोलून धरायची असते. एक कळशी हात पुढे करून धरून पाहा, दोन मिनिटांत खांदा भरून येईल. बाहुली कळशीएवढी जड नसते. पण ती नुसती धरायची नसते, नाचवायची असते.

डोके कोरायचे, तोंड रंगवायचे, हात वेगळे करून खांद्याशी सैल बांधायचे. सांधा सैल हवा. घट्ट बांधला तर हात उचलत नाही, फार सैल झाला तर लोंबकळतो. मग कपडे. सीतेला लुगडे, रावणाला मुकुट. डोक्याला दोरा, हातांना दोरे. वरची टोके नाचवणाऱ्याच्या बोटांत.

समोर लहानसा रंगमंच. दोन्ही बाजूंना पडदे. वरचा भाग कापडाने झाकलेला. त्याच्या मागे नाचवणारा उभा. त्याला लोक दिसत नाहीत, लोकांना तो दिसत नाही. दोघांनाही दिसते ती बाहुली.

खरी करामत कशात आहे, सांगू? नाचवण्यात नव्हे, थांबवण्यात. नवशिका माणूस बाहुली सारखी हलवत राहतो. दोन बाहुल्या बोलत असल्या आणि दोन्ही हलत असल्या, तर बोलते कोण हे कळत नाही. जाणता माणूस बोलणारी तेवढी हलवतो आणि ऐकणारी स्थिर धरतो. ऐकणारीची मान थोडी बोलणारीकडे वळवतो. झाले! लाकडाच्या तुकड्याला कान फुटले. आणि बाहुली जमिनीला टेकून चालली पाहिजे. दोरा बोटभर जास्त ओढला गेला की ती हवेत तरंगते. मारुती तरंगला तर चालेल एक वेळ, दशरथ कसा तरंगेल?

हे पुस्तकातून येत नाही. मुलगा बापाच्या शेजारी उभा राहतो. आधी टाळ धरतो, मग एखादी सैनिकाची बाहुली हातात मिळते, मग कधीतरी राम मिळतो. कथाही तशीच तोंडपाठ होते. रात्रभर पुरेल एवढी कथा, तीही गाण्यासह, लिहून ठेवलेली नसते. ज्याला पाठ आहे तो मेला की कथा त्याच्याबरोबर गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

सावलीचा खेळ

तिसरा प्रकार चामड्याच्या बाहुल्यांचा. कातडे घेऊन त्यावरचे केस काढतात, घासून घासून ते पातळ करतात आणि ताणून वाळवतात. नीट केले तर कातडे काचेसारखे नाही, पण तेलकट कागदासारखे होते. उजेड त्यातून पलीकडे जातो. मग त्यावर आकृती काढून कापायची. दागिन्यांच्या जागी, मुकुटाच्या जागी बारीक छिद्रे पाडायची. रंग द्यायचा. आधाराला काठी बांधायची.

पांढरा पडदा, पडद्यामागे दिवा, दिवा आणि पडदा यांच्या मध्ये बाहुली. लोक पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बसतात. त्यांना बाहुली दिसत नाही, तिची रंगीत सावली दिसते. छिद्रांतून उजेड येतो तो मोत्यांसारखा चमकतो.

याचा प्रयोग घरी करता येतो. वीज गेली की मेणबत्ती लावा आणि भिंत व मेणबत्ती यांच्या मध्ये हात धरा. हात भिंतीजवळ नेला की सावली लहान आणि रेखीव दिसते. हात मेणबत्तीजवळ आणला की सावली मोठी होते पण कडा पुसट होतात. बाहुलीवाला हीच युक्ती वापरतो. राक्षस पहिल्यांदा येतो तेव्हा बाहुली दिव्याजवळ. पडद्यावर अवाढव्य काळे काहीतरी दिसते. मग ती पुढे पुढे पडद्याला चिकटते आणि दात, डोळे, मिशा सगळे दिसायला लागते. मुले आईच्या पदरात शिरतात ती याच वेळी.

आपल्याकडेच हा खेळ आहे असे नाही. कर्नाटकात आहे, आंध्रात आहे, समुद्रापलीकडे इंडोनेशियातही आहे. केरळात तर भद्रकालीच्या देवळांसमोर सावल्यांचे रामायण होते. तिथे समोर एकही माणूस बसलेला नसला तरी खेळ थांबत नाही. देवी पाहते आहे ना, मग झाले! आमच्या वर्गाला एखाद्या संध्याकाळी दोनच माणसे येत, तेव्हा मला केरळातल्या त्या खेळ करणाऱ्यांची आठवण येई.

दिवस फिरले

१९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला. देवळातली कथा एकदम बंद पडली असे नाही, पण तिच्यावर पोट भरेना. गावात सिनेमा आला. रेडिओ आला. पुढे घरोघर दूरदर्शन आले. त्यातच सिंधुदुर्गात दशावताराची नाटके जोरात. जिवंत माणसे तोंडाला रंग लावून तलवारी फिरवताना दिसतात, तर लाकडाची बाहुली कोण बघतो? तरुण पोरे मुंबईला गेली, गोव्याला गेली. त्यांचे तरी काय चुकले? रात्रभर उभे राहून बाहुली नाचवायची आणि सकाळी पायलीभर भात घेऊन घरी यायचे. वर आपल्याच वर्गात बसलेल्या भल्या माणसाने म्हणायचे, "हे मागायला येतात."

घरात चूल पेटत नसली की पोथी विकावीशी वाटते. बाहेरगावची माणसे जुन्या वस्तू विकत घेत फिरतच असतात. अशा कितीतरी जुन्या चित्रकथी कोकणाबाहेर गेल्या. काही संग्रहालयांत गेल्या, त्या निदान जपल्या तरी गेल्या. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर यांचे संग्रहालय आहे. केळकरांनी सारा जन्म जुन्या वस्तू जमवण्यात घातला. त्यांच्या संग्रहातही चित्रकथीची जुनी चित्रे आहेत. काही परदेशी गेल्या. पण संग्रहालयातले चित्र मुके असते. ते धरून गाणारा माणूस शेजारी नसतो.

गंगावण्यांनी काय केले?

आता त्या बातमीतल्या माणसाकडे येऊ. परशुराम विश्राम गंगावणे. गुढीपूरच्याच ठाकर घरातले. कला वाडवडिलांकडून आलेली. इतर लोक ही विद्या सोडत होते तेव्हा त्यांनी ती धरून ठेवली, तीही वर्ष-दोन वर्षे नव्हे, चांगली चाळीस-पन्नास वर्षे.

त्यांनी दोन-तीन गोष्टी केल्या. ऐकायला त्या साध्या वाटतात.

पहिली गोष्ट, खेळ करणे सोडले नाही. देवळात बोलावले नाही तर शाळेत केला, शाळेत नाही तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या शहरात जाऊन केला. रामायण तर होतेच. पण त्याच बाहुल्यांच्या तोंडून त्यांनी पाणी वाचवा, झाडे राखा अशा आजच्या गोष्टीही सांगितल्या. काही जुन्या लोकांना हे रुचत नाही. त्यांना वाटते, बाहुलीने देवाचीच कथा सांगावी. मला तसे वाटत नाही. चित्रकथीने जुन्या काळीही लोकांना जे सांगायचे तेच सांगितले. आज गावाची विहीर आटत असेल, तर बाहुलीने विहिरीबद्दल का बोलू नये?

दुसरी गोष्ट, मुलांना शिकवले. घरचीही आणि बाहेरचीही. मघाशी म्हटले ना, ज्याला पाठ आहे तो गेला की कथा गेली. गंगावण्यांच्या घरात तसे झाले नाही. त्यांची मुले एकनाथ आणि चेतन या कामात उतरली. नवी चित्रे काढणे, नव्या बाहुल्या कोरणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगणे, हे त्यांनी हाती घेतले.

तिसरी गोष्ट गोठ्याची.

गंगावण्यांच्या घरालगत गुरांचा गोठा होता. जुनी चित्रे, जुन्या बाहुल्या, वाद्ये त्यांनी जमवून ठेवली होती. पण ती ठेवायची कुठे? कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने नुसता ओलावा. कागदाला बुरशी धरते, लाकडाला वाळवी लागते, कातडे मऊ पडून वाकते. मोठी इमारत बांधायला पैसा कोठून आणणार? मग त्यांनी गोठाच मोकळा केला. जिथे गुरे बांधत तिथे बाहुल्या टांगल्या. भिंतींवर चित्रे लावली. २००६ साली त्या गोठ्याचे संग्रहालय झाले. त्याचे नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'.

शेतकरी माणसाला गोठ्याची किंमत सांगायला नको. आपल्याकडे कोणी घरातली एक खोली देईल पण गोठा द्यायला दहा वेळा विचार करील. गुरे पावसात कुठे बांधायची? गंगावण्यांनी तो विचार कसा केला असेल, घरात काय बोलणे झाले असेल, ते आपण मनातच समजून घ्यायचे. एवढे मात्र दिसते, की बाहुल्यांना जागा हवी होती आणि ती दुसऱ्या कोणी दिली नाही.

पुढे लोक गोठ्यात येऊ लागले. शाळेच्या सहली आल्या, चित्रकला शिकणारी मुले आली, परदेशी पाहुणे आले. जी चित्रे विकून कोकणाबाहेर जात होती, ती पाहायला बाहेरचे लोक कोकणात यायला लागले. २६ जानेवारी २०२१ च्या आदल्या दिवशी सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ती मिळाली.

ओठ न हलवता

इथे वर्गात एकाने विचारले, "गुरुजी, ते टीव्हीवर दिसायचे, मांडीवर बाहुला घेऊन बोलायचे, तेही असलेच काय?"

तो प्रकार वेगळा. ते रामदास पाध्ये. त्यांच्या बाहुल्याचे नाव अर्धवटराव. ही कला त्यांच्या वडिलांनी, यशवंत केशव पाध्ये यांनी, आपल्याकडे रुजवली. अर्धवटराव वडिलांच्या वेळेपासूनचा. वय शंभरावर गेले, तरी केस पिकले नाहीत! या कलेला शब्दभ्रम म्हणतात. माणूस ओठ हलवत नाही, बाहुली जबडा हलवते, आणि आवाज बाहुलीचा वाटतो. 'झपाटलेला' या १९९३ सालच्या सिनेमातला तात्या विंचूही पाध्यांच्याच हातचा. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घातला. त्यांनी केलेल्या जुन्या लाकडी बाहुल्याही पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचत्या केल्या.

ओठ न हलवता बोलणे किती कठीण ते तुम्हीच करून पाहा. तुम्ही आता मुळाक्षरे शिकला आहात. आरसा घ्या. ओठ किंचित उघडे ठेवून दात जवळ आणा. आता क, ख, ग म्हणा. जमते. त, थ, द म्हणा. तेही जमते. आता प, फ, ब, भ, म म्हणा. अडलात ना? ही पाचही अक्षरे ओठाला ओठ लागल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून व्याकरणवाल्यांनी ती एका ओळीत बसवली आहेत. शब्दभ्रम करणारा माणूस या अक्षरांऐवजी जिभेने त्यांच्याजवळचा आवाज काढतो आणि तो इतक्या सफाईने काढतो की आपल्या कानाला फरक कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे आरशासमोर बसावे लागते.

वर्गात त्या दिवशी सगळे ओठ न हलवता 'पपई' म्हणत होते. पहारेकरी तर रात्रभर म्हणत बसला असेल.

पिंगुळीला जायचे असेल तर कोकण रेल्वेने कुडाळ स्टेशनावर उतरावे. तिथून पिंगुळी जवळ आहे. गुढीपूर कोठे आणि गंगावण्यांचे घर कोठे, ते कोणीही दाखवते. चित्रे हाताने चाचपून बघू नयेत, बोटाचा घाम कागदाला लागतो.

मावशी पुढे शिमग्याला गावी गेल्या तेव्हा नातवाला घेऊन तिथे जाऊन आल्या. लहानपणी देवळात पाहिले होते त्यानंतर पहिल्यांदाच. परत आल्यावर मी विचारले, "काय मावशी, काय पाहिलंत?" त्या म्हणाल्या, "मिया चित्रां बघलंय. झील मारुतीच्या बाहुल्येकडसून हललो नाय." घरी परतायची शेवटची गाडी त्या दिवशी चुकली. दोघे कुडाळला पाहुण्यांकडे राहिले.